मासळीच्या पिशवीतला कॅमेरा

आमच्या घरमालकांचा कॅमेरा मला पहिल्यांदा भेटला तो तांदळाच्या डब्यात.

वेंगुर्ल्यात नोकरीला लागून मला आठवडाही झाला नव्हता. काजूच्या कारखान्यात कचेरीचं काम आणि राहायला बंदराच्या बाजूला एका घराची माडीवरची खोली. खाली घरमालक आणि त्यांची बायको. सगळी वाडी त्यांना अंकल आणि आंटी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या दिवशी आंटी मागच्या दारी बांगडे साफ करत बसल्या होत्या. हात बरबटलेले, म्हणून त्यांनी मला हाक मारली.

"बाबा, त्या मोठ्या डब्यातले थोडे तांदूळ काढून दी रे."

मी डब्यात हात घातला. आत काहीतरी गार, गोल आणि गुळगुळीत हाताला लागलं. मी दोडामार्गचा, काजूच्या बागेत वाढलेला. गार आणि गुळगुळीत म्हटलं की आम्हा लोकांच्या डोळ्यांसमोर एकच जनावर उभं राहतं. मी अशी आरोळी ठोकली की डबा आडवा झाला, तांदूळ पार देवघराच्या क्रूसापर्यंत पसरले आणि मी टेबलावर चढलो.

"साप न्हय रे तो!" आंटी बाहेरून ओरडल्या. "ह्यांची लेन्स ती!"

तेवढ्यात न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळलेले अंकल धावत आले. टेबलावरच्या माणसाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून त्यांनी तांदळातून ती लेन्स उचलली, कानाशी धरून हळूच हलवली, आत काही वाजत नाही याची खात्री केली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझो हात सुको होतो मा?"

तांदूळ दमटपणा ओढून घेतो, हे त्यांनी मला नंतर तासभर समजावलं. कॅमेरा एका डब्यात, लेन्स दुसऱ्या डब्यात. तो तांदूळ अधूनमधून बदलायचा, आणि बदललेल्याचा अर्थातच भात व्हायचा. पाहुणे आले की आंटी वाढता वाढता म्हणत, "पोटभर जेवा. ह्या भातान आमचो कॅमेरो सुको ठेवल्यान."

अंकल सगळं आयुष्य बोटीवर होते. बोटीवर म्हणजे कप्तान वगैरे नव्हेत, लॉन्ड्रीत. हजारो लोकांच्या चादरी, टॉवेल आणि साहेबांचे शर्ट त्यांनी धुतले आणि घडी घालून ठेवले. निवृत्तीच्या आधी कुठल्याशा बंदरात उतरून त्यांनी हा कॅमेरा घेतला, सोबत एक हातभर लांबीची लेन्सही. घरी आले ते हे धन आणि घड्या घालायची सवय घेऊन. आता चादरी संपल्या होत्या, त्यामुळे ती सगळी विद्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आली.

बाहेर नेण्याआधी कॅमेरा गुंडाळण्याचा त्यांचा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे आता त्याला पाळण्यात घालणार. आधी मऊ फ्लॅनेल. मग आंटीच्या जुन्या साडीची मलमल. मग प्लास्टिक, त्याची तोंडं रबराने बांधलेली. मग टॉवेल, त्यावर मोडक्या छत्रीचं कापड, आणि हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. प्रत्येक घडीच्या कडा जुळल्या पाहिजेत. एखादी कड बोटभर जरी पुढे आली, तरी ते सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करत.

आंटी दाराला टेकून बघत असायच्या. "तीस वर्सां झाली लग्नाक," त्या म्हणायच्या, "माका कदी अशी शाल तरी घातलंस?"

"तुका खार लागता काय?" अंकल वर न बघता विचारत.

खार हा त्यांचा पहिल्या नंबरचा शत्रू. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं आणि ते यंत्राच्या पोटात शिरून त्याला आतून खातं, ही गोष्ट ते अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला आपल्याच फासळ्या कुरतडल्यासारख्या वाटाव्यात. बाहेर पडण्याआधी ते उंबऱ्यावर उभे राहत, क्षणभर वाऱ्याकडे तोंड करत आणि वरच्या ओठावरून जीभ फिरवत. ओठ खारट लागला की त्या दिवशी कॅमेरा गुंडाळलेलाच राही. आता तुम्हीच सांगा, वेंगुर्ल्यात बंदराजवळ राहणाऱ्या माणसाचा ओठ गोड कधी लागायचा?

"कॅमेरो वापरान मोडणा नाय," ते म्हणत, "भायर काढून मोडता."

यातला फरक मला कधीच कळला नाही, पण मान डोलवायला मी कमी केलं नाही.

एकदा आम्ही रेडीचा किल्ला बघायला निघालो. अंकलच्या स्कूटरवर मागच्या सीटवर कॅमेऱ्याचा डबा दोरीने बांधलेला, त्याखाली उशी. आंटी आणि मी एसटीने. मी बिचकत म्हटलं, "आंटी, डबा तुमच्या मांडीवर घेऊन तुम्ही मागे बसला असतात की."

"इचारलंय मी," आंटी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "म्हणाले, तुझ्या मांडयेक घाम येता."

आम्ही रेडीला उतरलो तर अंकल रस्त्याच्या कडेला स्कूटर उलट्या दिशेने वळवून उभे. खनिजाचे ट्रक बंदराकडे चालले होते आणि हवेत लाल धूळ तरंगत होती. अंकलनी डब्यावर स्वतःचा शर्ट टाकला होता आणि ते बनियनवर उभे होते. चेहऱ्यावर लाल पावडर बसून ते दशावतारातल्या राक्षसासारखे दिसत होते.

"किल्लो खंय पळता?" किल्ला काही पळून जात नाही, एवढं म्हणून ते घरी निघून गेले. आम्ही दोघांनी किल्ला पाहिला, भजी खाल्ली आणि मोबाईलवर एकमेकांचे फोटो काढले.

पण या सगळ्यावर कळस होता तो मासळीच्या पिशवीचा.

महागडी वस्तू आहे असं दिसलं की चोराची नजर जाते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तो पत्र्याचा डबा त्यांनी मासळीच्या जुन्या, वायरच्या पिशवीत घातला. खरी वाटावी म्हणून कडेच्या कप्प्यात मूठभर गोलमो, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबीही ठेवली. दुसऱ्या कुठल्याही गावात ही युक्ती चालली असती. मासळीच्या घाणेरड्या पिशवीकडे कोण बघतो? पण हा माणूस आपल्याच गावाला विसरला. आमच्या या किनाऱ्यावर तुम्ही गळ्यात सोन्याची साखळी घालून जा, कोणी मान वळवणार नाही. हातात मासळीची पिशवी दिसली की मात्र जाणारा येणारा प्रत्येक माणूस थांबतो. थांबतो, विचारतो आणि पिशवीचं तोंड स्वतःच्या हाताने फाकवून आत बघतो. त्यात कोणाला काही वाटत नाही. न बघता गेलात तरच घरी काही भांडण झालंय काय, असं लोकांना वाटतं.

"अंकल, काय गावला?"

"काय नाय. तारले."

"तारले? बघया तरी! केवढे आसत?"

"बारीक आसत. खराब झालेत."

"खराब? खंयसून घेतलात? चला, तेका इचारूया!"

बाजारातून घरापर्यंतच्या रस्त्यावर ते पिशवी छातीशी कवटाळून, लोकांना चुकवत, जवळजवळ पळत यायचे. मागून मांजरं. एका मांजरीने तर आमच्या पायरीवर कायमचा मुक्काम केला. अख्ख्या गावात बातमी झाली की अंकल रोज खराब मासळी घेतात, आणि कोळणी त्यांना बघितल्यावर दया येऊन दोन पेडवे फुकट द्यायला लागल्या. आंटींनी पिशवी बदलायला सांगितलं तर ते म्हणाले, "चोर इलो काय आजून? नाय मा? मगे!"

एवढं सगळं करून ते फोटो कशाचा काढत? तर कशाचाच नाही. उघडून होईपर्यंत डॉल्फिन बुडायचा, बगळा उडायचा, सूर्य मावळायचा. त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. अपवाद एकच, आणि तो आमच्या शेजारी राहायला होता.

शेजारच्या काकीच्या आवारात, समुद्राच्या बाजूला एक उंच सुरूचं झाड होतं. काकी एकटीच राहायची. नवरा गेलेला, मुलगी सासरी. त्या सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुडाच्या जोडीचं घरटं होतं, आणि त्या वर्षी त्यात एकच पिल्लू होतं. संध्याकाळ झाली की अंकल आमच्या पायरीवर खुर्ची टाकून बसत. मान वर, मांडीवर दुर्बीण, पायाशी पिशवी. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यापासूनचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आज त्याने स्वतः मासा फाडला. आज फांदीवर आलं. आज पंख पसरून नुसतंच उभं राहिलं, भिऊन परत आत गेलं.

"ता उडताना माका एक फोटो होयो," एका संध्याकाळी ते मला म्हणाले. "बाकी काय नको. घरटा सोडता तेवाचो. एकच."

आवाजात नेहमीची ऐट नव्हती, म्हणून मीही थट्टा केली नाही.

काकीला मात्र ते घरटं डोळ्यांसमोर नको होतं. गरुडाच्या जेवणातलं उरलंसुरलं तिच्या अंगणात पडायचं. कधी माशाचं डोकं, कधी समुद्री सापाचा अर्धा तुकडा. त्याहून मोठी काळजी म्हणजे झाड तिच्या छपराकडे कललेलं होतं. "पावसात पडला मगे?" ती विचारायची. "अंकल, तुमी इलात काय माझी कौलां शेकारूक?" तिचंही खोटं नव्हतं. अंकल म्हणायचे, पिल्लू उडेपर्यंत थांब. ती म्हणायची, थांबते. पण एका रविवारी झाडं तोडणारा मशीनवाला मोकळा सापडला आणि तिने त्याला बोलावून घेतलं.

आंटी चर्चमध्ये मिसाला गेल्या होत्या. मी माडीवर चहा पीत होतो. अचानक करवतीच्या मशीनचा आवाज आला आणि पाठोपाठ वरून गरुडांचा ओरडा. खिडकीतून पाहिलं तर मशीनवाला शिडीवर चढून खालच्या फांद्या उतरवत होता. त्या झाल्या की बुंधा. पिल्लू घरट्याच्या कडेला अंग चोरून बसलेलं, आणि आईबाप वर घिरट्या घालत होते.

मी वनखात्याच्या गार्डला फोन लावला. ओळखीचा होता. तो म्हणाला, "मी शिरोड्याला आहे, निघालोच. तोपर्यंत थांबवा त्यांना." थांबवा! मी खाली धावलो. तोपर्यंत अंकल कुंपणापलीकडे पोचलेसुद्धा होते. अर्धी चड्डी, बनियन, हातात ती पिशवी. चेहरा पांढराफटक. ते काकीला काहीतरी सांगत होते आणि मशीनच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. काकी कानावर हात ठेवून नकारार्थी मान हलवत होती. एक फांदी धाडकन खाली पडली. आयुष्यात पहिल्यांदाच मी अंकलना पिशवी हातात लोंबकळत सोडून उभं राहिलेलं पाहिलं, एखाद्या सर्वसाधारण मासळी आणणाऱ्या माणसासारखं.

आणि मशीन बंद झालं.

शिडीवरून मशीनवाला खाली वाकून बघत होता. झाडाकडे नाही, अंकलकडेही नाही. पिशवीकडे.

"अंकल," तो वरूनच म्हणाला, "काय गावला?"

मी अंकलकडे पाहिलं. एरवी ते पळाले असते. त्यांनी एकदा वर घरट्याकडे बघितलं, एकदा पिशवीकडे, आणि शांतपणे म्हणाले, "इसवण."

इसवण म्हणजे सुरमई. या किनाऱ्यावर इसवण म्हटल्यावर देवळातला माणूसही एकदा मागे वळून बघतो.

"अख्खी?"

"अख्खी."

"दाखवा मगे!"

"बघूक होई तर सकल ये. थंयसून काय दिसतली?"

मशीनवाला शिडी उतरला. हात पुसत काकीही आली. अंकलनी विहिरीच्या कठड्यावर पिशवी ठेवली, आतून पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

"इसवण डब्यात?" काकी म्हणाली.

"खराब जाता नाय तर."

मग त्यांनी सुरुवात केली. छत्रीचं कापड सोडलं, झटकलं, त्याची चौकोनी घडी घातली, कडा जुळवल्या, कठड्यावर ठेवलं. मग टॉवेल. तो झटकला, घडी घातली, पटलं नाही म्हणून मोडली आणि पुन्हा घातली. मशीनवाल्याची मान पुढे पुढे येत होती. मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवून गरुडांकडे बघत राहिलो.

"अंकल, मासो आसा काय व्हकल?" तो शेवटी म्हणाला. व्हकल म्हणजे नवरी.

"घाय कित्याक? इसवण काय रोज गावता?"

"इतक्या गुंडाळलेल्याक वास येवक होयो," काकी नाक पुढे करून म्हणाली. "गोलम्याचो येता!"

प्लास्टिकची रबरं एक एक करून सुटली. प्रत्येक रबर त्यांनी मनगटावर चढवलं. मलमल निघाली. फ्लॅनेल निघालं. आणि सकाळच्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, लाकडाच्या भुशात तो काळा कॅमेरा एकदाचा बाहेर आला.

मशीनवाला बघत राहिला. "ही इसवण?"

"माका फसयलंत अंकल!" काकी कडाडली.

"फसयलंय," अंकल म्हणाले. "आता इलंस तर उभो रव. तुझो फोटो काढतंय. मशीन हातात घे. तसो नाय, मरे, छाती भायर काढ."

मशीनवाला चिडला होता, यात शंका नाही. पण फोटोला नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याने केसांतला भुसा झटकला. अंकलनी डब्यातली लेन्स सोडवून लावली, काढली, फुंकर मारली, परत लावली. ऊन चुकीच्या बाजूने येतं म्हणून त्याला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे मागे संडास येतो म्हणून परत आणलं. "काकी, तूय ये. साडी बदलून ये," म्हणाले. काकी रागाने आत गेली आणि, मी शपथेवर सांगतो, साडी बदलून आली.

फोटो निघाला नव्हता तेवढ्यात गार्डची मोटारसायकल दाराशी थांबली.

"घरट्यात पिल्लू असताना झाडाला हात लावायचा नाही," त्याने काकीला सरळ सांगितलं. "ते उडून गेलं की घरटं रिकामं झाल्याचं मला दाखवा. मग तुमचं झाड, तुमची मर्जी."

मशीनवाला शिडी खांद्यावर टाकून गेला. आंटी मिसाहून परत आल्या तेव्हा अंकल पायरीवर बसले होते, उघडा कॅमेरा मांडीवर, त्यावर भुसा आणि धूळ.

"आयज कोण मेला?" आंटी घाबरून म्हणाल्या.

"कोण नाय," अंकल म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा गुंडाळला नाही. आळस म्हणून नव्हे. पिल्लू कधीही उडेल आणि त्या वेळी आपण रबरं सोडत बसू, ही भीती आता खारापेक्षा मोठी झाली होती. पहाटेपासून ते पायरीवर. काकी कुंपणावरून टोमणे मारायची, "उडाला काय तुमचा लाडका? पावस इलो रे!" पण टोमणा मारून झाल्यावर तीही मान वर करून बघायची.

एका सकाळी मी कामावर निघालो होतो. अंकलनी माझा हात घट्ट धरला. पिल्लू घरट्यापासून दूर, फांदीच्या टोकावर आलं होतं. वारा आला, फांदी झुलली, आणि ते पडलं. सरळ खाली, दगडासारखं. आंटींनी दारातूनच छातीवर क्रूसाची खूण केली. माडांच्या उंचीवर आल्यावर त्याने पंख उघडले, वेडेवाकडे दोनचार फटकारे मारले, आणि मग वाऱ्याने त्याला खालून उचलून घेतलं. ते आमच्या डोक्यावरून गेलं, इतक्या खालून की पायाची नखं दिसली. मग वाळू, मग पाणी, मग खडकांच्या पलीकडे.

अंकल उभे होते. कॅमेरा दोन्ही हातांत, लेन्स उघडी, बोट बटणावर. तोंडही उघडं. त्यांनी बटण दाबलं नव्हतं.

"अंकल, फोटो!" मी ओरडलो.

त्यांनी डोळे पुसले, कॅमेरा वर केला आणि सुरूच्या शेंड्याचा एक फोटो काढला. तिथे फक्त काड्यांचा ढीग होता.

"आता कशाला?" मी विचारलं. "गेलं की ते."

"काकीक दाखवक होयो," ते म्हणाले. "घरटा रिकामा झाला म्हणान. तिका थांब म्हटलंय मी, थांबली ती."

आणि ते निघाले. कुंपण ओलांडून, गळ्यात उघडा कॅमेरा लटकवून, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात. मी मागोमाग गेलो. काकी विहिरीवर होती. त्यांनी तिला पडद्यावरचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "गेला. आता तुझा झाड. मशीनवाल्याक फोन करूया काय?"

काकीने ओले हात पदराला पुसले आणि तो रिकाम्या घरट्याचा फोटो बराच वेळ बघितला. मग तिने झाडाकडे बघितलं, छपराकडे बघितलं आणि बादली उचलली.

"तो मशीनवालो आता खंय गावतलो?" ती म्हणाली. "सगळ्यांची झाडां आताच तोडूची आसतत. दोरयेन बांधून घेतंय ह्या पावसाक. पावसानंतर बघूया."

पावसानंतर म्हणजे गरुडांची जोडी घरट्यात नव्या काड्या आणायला लागते तेव्हा. अंकलना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि काकी तर त्या झाडाखाली पंचवीस वर्षं राहत होती.